पर्गोला पडत नाही, उडतो : परसात धातूचं किट निवडताना आणि उभारताना

पर्गोला, म्हणजे खांबांवर उभा केलेला पट्ट्यांचा मांडव, घ्यायचा म्हटलं की लोक आधी रंग बघतात, मग पट्ट्यांची नक्षी, मग किंमत. पायाचा विषय निघतो तो किट दारात येऊन पडल्यावर, आणि तोही ‘चार बोल्ट तर मारायचेत’ एवढ्यावर मिटतो. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. वारा, ऊन आणि माती आधी, किट नंतर. कुठला बोल्ट कुठे जातो हे खोक्यातल्या पुस्तिकेत चित्रांसकट असतं. तुमच्या परसातल्या वाऱ्याबद्दल, उन्हाबद्दल आणि मातीबद्दल त्यात अवाक्षर नसतं. बरीचशी किटं बर्फ पडणाऱ्या देशांतली गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात. म्हणून ‘स्नो लोड’ ठळक छापलेला दिसतो आणि वाऱ्याचा आकडा शोधावा लागतो.

पुढचं सगळं बंगल्याच्या किंवा रो हाउसच्या मागच्या मोकळ्या जागेसाठी आहे, आकार साधारण १० बाय १२ फूट धरून. गच्चीवर पर्गोला घालायचा असेल तर हा लेख पुरणार नाही. तिथे वारा जास्त, स्लॅबला भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नका.

सावली हवी की छप्पर?

घरात बसून हे आधी ठरवा. वर नुसत्या पट्ट्या असलेला उघडा पर्गोला आणि वर पत्रा, पॉलिकार्बोनेट किंवा कापड ताणलेला पर्गोला, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दिसायला सांगाडा तोच, पण वाऱ्याच्या लेखी फरक जमीन-अस्मानाचा.

थोडा हिशेब करू. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात पुणे, नाशिक, पणजी यांच्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर. म्हणजे ताशी साधारण १४० आणि १५८ किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे. पन्नासेक वर्षांत एखाद्या वेळी येईल असा काही सेकंदांचा झोत. त्याचा दाब वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून न्यूटनमध्ये मिळतो. पुण्याला तो दर चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास भरतो, मुंबईला ११८ किलो.

१० बाय १२ फुटांचं छत म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरला थोडं कमी. ते पूर्ण बंद असेल आणि वारा खालून शिरून वर उचलायला लागला, तर पुण्यात वर खेचणारा जोर एक टनाच्या घरात जातो, मुंबईत १३०० किलोपर्यंत. हा ठोकळ हिशेब आहे. छताचा उतार, आजूबाजूच्या भिंती आणि झाडं यांनी आकडा खालीवर होतो. पण ॲल्युमिनियमचं सगळं किट मिळून फार तर शे-दीडशे किलोचं असतं, तेव्हा मुद्दा लक्षात यायला एवढं पुरे. पर्गोल्याला खाली बसवून ठेवणं हे खरं काम, उभा तर तो कसाही राहतो. उघड्या पट्ट्यांतून वारा बराचसा निघून जातो, म्हणून तिथे हा जोर खूपच कमी असतो.

किट घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: ताशी किती किलोमीटर वाऱ्याला हे टिकतं, आणि ते छत बंद असताना की उघडं असताना? आकडा मैलांत असेल तर १.६ ने गुणा. ताशी ६० मैल ऐकायला दणदणीत वाटतं, पण ते ९७ किलोमीटरच भरतं. ‘एकदम मजबूत आहे साहेब’ हे उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने उघडाच घ्यावा. पावसाळ्यात तसंही परसात कोणी बसत नाही. चिखल, डास आणि तिरप्या सरी असतातच. उन्हाळ्याचे चार महिने सावली मिळाली की पैसे वसूल.

ऊन कुठून येतं ते बघा

परदेशी पुस्तिका सांगतात की पट्ट्या पूर्व-पश्चिम ठेवा, दुपारी सावली मिळेल. उत्तरेकडच्या देशांत ते बरोबर आहे, कारण तिथे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात तो थेट डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला शून्य सावलीचा दिवस असतो, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी. अशा दुपारी उभ्या पट्ट्या कुठल्याही दिशेला असल्या तरी सावली पडते ती पट्टीच्या जाडीएवढीच. साडेबाराचं ऊन पट्ट्यांनी अडत नाही हे मान्य करून टाका.

खरा छळ करतं ते दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन, आणि ते अडवायला पट्ट्यांची लांबी उत्तर-दक्षिण हवी. पट्टीची उंची आणि दोन पट्ट्यांमधली मोकळी फट सारखी असेल, म्हणजे चार इंच उंच पट्टी आणि चार इंच फट, तर मे महिन्यात पुण्यात साडेतीन-पावणेचारनंतर खाली सलग सावली मिळते. फट निम्मी, म्हणजे दोन इंच केली, तर तीच सावली अडीचच्या सुमारास सुरू होते. कॅटलॉगमधल्या फोटोत फट कळत नाही. पट्ट्यांची संख्या, उंची आणि जाडी विचारा आणि कागदावर स्वतः मांडा. बऱ्याच स्वस्त किटांत दोन इंच उंचीच्या पट्ट्या फूटभर अंतराने असतात. त्या शोभेच्या. त्यावर शेडनेट घालावीच लागते, आणि शेडनेट आली की वारा आला.

किटची लांब बाजू कुठल्या दिशेला ठेवायची हे त्यामुळे जागा बघून नाही, पट्ट्या बघून ठरतं. काही किटांत पट्ट्या लांबीला समांतर असतात, काहींत आडव्या. फिरवता येणाऱ्या पट्ट्यांचं, म्हणजे लूव्हरचं किट घेतलं तर हा प्रश्न बराच सुटतो. पण त्याचं पाणी खांबाच्या पोटातल्या पाइपातून खाली येतं. ताशी १०० मिलिमीटरची सर आली तर आपल्या मापाच्या छतावरून मिनिटाला १८-१९ लिटर पाणी उतरणार. वर कडुनिंब किंवा गुलमोहर असेल तर त्याची बारीक पानं पहिल्याच पावसात तो पाइप तुंबवतात. आजूबाजूला झाडं असतील तर लूव्हरच्या भानगडीत न पडलेलं बरं.

धातू

बाजारात तीन प्रकार दिसतात: साधं लोखंड म्हणजे एमएस, जस्ताचा थर दिलेलं जीआय किंवा जीपी, आणि ॲल्युमिनियम.

साधं एमएस स्वस्त आणि ताठ. रंगाची काळजी घेतली तर देशावरच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकतं. त्याचं दुखणं आतून येतं. चौकोनी पाइपाच्या तोंडाला टोपी नसेल तर आत पाणी जातं, बाहेर पडायला वाट नसते आणि पाइप आतून कुजतो. बाहेरचा रंग तसाच चकचकीत. म्हणून वरची तोंडं बंद हवीत आणि खांबाच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोक हवं.

जस्ताच्या बाबतीत दुकानदार एक गोष्ट गुळमुळीत ठेवतात. ‘जीआय आहे’ म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा जीपी असतं, म्हणजे आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा वळवून केलेला पाइप. त्यातल्या १२० ग्रॅमच्या दर्जाच्या पत्र्यावर एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन जस्त असतं. पाइप तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवला, म्हणजे हॉट डिप केला, तर दोन ते पाच मिलिमीटर जाडीच्या मालावर सुमारे ६५ मायक्रॉन बसतं. आठपट. जीपी चकचकीत आणि गुळगुळीत दिसतं. हॉट डिप थोडं मळकट करडं, कडेला कुठे कुठे जस्ताचे थेंब गोठलेले. दिसायला डावं तेच टिकायला उजवं.

कोकण किनारपट्टी, मुंबई आणि गोव्यासाठी ॲल्युमिनियम किंवा हॉट डिप, तिसरा विचार करू नका. ॲल्युमिनियमला खारी हवा सोसते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, त्याचं वजन लोखंडाच्या एकतृतीयांश तसा ताठपणाही साधारण एकतृतीयांशच. त्याच मापाची, त्याच जाडीची तुळई लोखंडापेक्षा तिप्पट लवणार. म्हणून ॲल्युमिनियमच्या तुळया उंच हव्यात, ५० बाय ५० च्या नकोत. दोन, त्यात साधे लोखंडी स्क्रू मारले तर सांध्याच्या जागी धातू खाल्ला जातो. स्टेनलेस ३०४ चे स्क्रू हवेत, समुद्राजवळ ३१६ चे, आणि खाली नायलॉन किंवा रबराचा वॉशर.

जाडी ‘गेज’मध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६, १४ म्हणजे २. खांब २ मिलिमीटरच्या खाली घेऊ नका. दुकानात व्हर्नियर घेऊन जा, पाइपाच्या कापलेल्या तोंडाशी मोजा. पावडर कोटिंग धरून मोजलंत तर थोडं जास्त दिसेल. दुकानदार हसला तर हसू द्या.

किट की फॅब्रिकेटर?

आपल्याकडे हा प्रश्न रास्त आहे, कारण गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान असतंच. फॅब्रिकेटर तुमच्या मापाने बनवतो, जाड माल वापरतो, मोडलं तर परत येतो. पण त्याचं काम वेल्डिंगचं, आणि वेल्डिंग झालं की सांध्यावरचं जस्त जळून जातं. त्यावर लाल ऑक्साइडचा एक हात मारून तो मोकळा होतो. गंज तिथूनच सुरू होतो. किटचा मोठा गुण असा की सगळे सांधे बोल्टचे, कोटिंग शाबूत, आणि घर बदललं तर उलगडून नेता येतं. मापात बदल होत नाही हा त्याचा दोष.

मधला रस्ताही आहे. फॅब्रिकेटरकडूनच बोल्टचे तुकडे करून घ्यायचे, सगळी भोकं आणि बेस प्लेटचं, म्हणजे खांबाच्या तळाच्या सपाट पत्र्याचं, वेल्डिंग आधी, हॉट डिप नंतर. जवळ गॅल्व्हनायझिंगचा कारखाना असेल आणि फॅब्रिकेटर ऐकणारा असेल तर याला तोड नाही. ‘साहेब, एवढं कोणी करत नाही’ हे वाक्य मात्र ऐकायची तयारी ठेवा.

जागा आणि परवानगी

प्लॉटच्या हद्दीपासून सोडायचं सामासिक अंतर असतं. उघड्या पर्गोल्याकडे आणि वर पत्रा घातलेल्या शेडकडे नियम एकाच नजरेने बघत नाहीत. पत्रा आला की ते बांधकाम ठरण्याची शक्यता वाढते. घराचा नकाशा ज्यांनी मंजूर करून घेतला त्या आर्किटेक्टला फोन करा, नाहीतर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. सोसायटी असेल तर ना-हरकत लेखी घ्या.

मग खाली काय आहे ते बघा. ड्रेनेजचे चेंबर, सेप्टिक टाकी, बोअरवेलची केबल, पाण्याची लाइन. प्लंबरला जुनं आठवत नसेल तर दोन चेंबरमध्ये दोरी ताणा, पाइप त्या रेषेत असतो. वर काय आहे तेही बघा: विजेच्या तारा, आणि कोकणात माड. माडाखाली पर्गोला नको. झावळी पडली तर पॉलिकार्बोनेट फुटतं, नारळ पडला तर काय होतं ते सांगायला नको.

पाया

मे महिन्यातल्या एका वळवानंतर ओळखीतल्या एका घरी गेलो होतो. पर्गोला शेजारच्या कुंपणावर आडवा. सांगाडा जवळजवळ धड, एकही बोल्ट तुटलेला नाही. बेस प्लेट उलटी करून बघितली तर चारही अँकर, म्हणजे प्लेट खाली धरून ठेवणारे बोल्ट, जागच्या जागी आवळलेले, आणि त्यांना खालचे पेव्हर ब्लॉक चिकटून वर आलेले. बसवणाऱ्याने काम चोख केलं होतं, फक्त बोल्ट रेतीवर अंथरलेल्या ब्लॉकमध्ये मारले होते. वर कापड ताणलेलं होतं, ते वळवाच्या पहिल्या झोताला फुगलं असणार.

तेव्हा पेव्हर ब्लॉक, शहाबादी फरशी, टाइल्स, किंवा खाली तीन इंच कोबा असलेली जमीन हा पाया नव्हे. खांबागणिक खड्डा खणून काँक्रीट भरायचं, दुसरा मार्ग नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: किट घरी येऊन, उघडून, मोजल्याशिवाय खड्डे खणू नका. ‘१० बाय १२’ हे माप बहुधा वरच्या छताच्या बाहेरच्या कडेचं असतं. खांब त्याच्या आत, कधी चार इंच, कधी फूटभर. दोन खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर प्रत्यक्ष तुळईवर टेप लावून घ्या.

आखणीला लाइनदोरी, चार खुंट्या, टेप आणि गुण्या पुरतो. पहिली रेषा घराच्या भिंतीला समांतर धरा. काटकोन तपासायला ३-४-५ ची युक्ती: कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं. शेवटची खात्री कर्णांची. खांबांची अंतरं १० आणि १२ फूट असतील तर दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या आसपास येतात. दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. अर्ध्या इंचाचा फरक इथे सोडला तर वर पट्ट्या बसवताना तो व्याजासकट भरावा लागतो.

आता खड्डा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल, म्हणजे ४५० बाय ४५० बाय ६०० मिलिमीटर. काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलो धरलं तर असा एक ठोकळा २९० किलोचा होतो, चार मिळून साडेअकराशेच्या पुढे. वरच्या हिशेबातल्या पुण्याच्या एक टनाला हे पुरतं. किनाऱ्याला बंद छत घालणार असाल तर दोन फूट बाय दोन फूट करा. चार मिळून दोन टन होतात. रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने काय केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे जास्त वाटणार नाही.

मजूर खड्डा खणतो तेव्हा तो खाली आपोआप निमुळता होत जातो, कारण खोलात कुदळ फिरवायला जागा नसते. असा गाजरासारखा ठोकळा उपसून यायला सोपा. बाजू उभ्या करून घ्या, आणि जमलं तर तळाशी दोन-तीन इंच बाहेर खणून घ्या, म्हणजे वर खेचलं तर भोवतालची माती त्याला दाबून धरेल.

मातीचं वेगळंच आहे. मुरूम लागला तर उत्तम. काळी माती असेल, जी विदर्भ-मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि पुण्याच्या आसपासही भरपूर आहे, तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया वरखाली करते. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जा. मुरूम हाताशी येत नसेल तर निदान तीन-साडेतीन फूट खणा, तळाशी मुरूम भरून धुम्मस करून घट्ट बसवा, आणि काँक्रीटच्या बाजूलाही काळ्या मातीऐवजी मुरूमच ठासा. कोकणात जांभा लागतो. त्यावर पाया छान बसतो, पण जांभ्यातच थेट अँकर मारायचा मोह टाळा. तो सच्छिद्र, बोल्ट धरत नाही.

काँक्रीट एम-२०, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. लहान मापाच्या चार खड्ड्यांना अर्धा घनमीटर लागतं, सिमेंटच्या चार गोण्या. पाचवी आणून ठेवा. पाणी हात राखून. आत १० मिलिमीटरच्या चार सळ्यांचा पिंजरा, ८ मिलिमीटरच्या रिंगा सहा इंचांवर, सगळीकडून दोन इंच कव्हर. ठोकळा जमिनीच्या वर चार-सहा इंच काढा आणि माथ्याला किंचित उतार द्या, म्हणजे बेस प्लेटभोवती पाणी साठत नाही. चारही माथे पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा. खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडण्याची पद्धत सोपी वाटते, पण जमिनीच्या पातळीला पाइप हमखास गंजतो आणि मग बदलता येत नाही.

पाणी मारणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. हल्ली दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी सिमेंट, आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला आयएस ४५६ प्रमाणे निदान १० दिवस ओल टिकवायची असते. गोणपाट गुंडाळा, सकाळ-संध्याकाळ भिजवा.

बोल्ट दोन प्रकारे बसतात. गवंडी नीट काम करणारा असेल तर प्लायवूडच्या तुकड्यावर बेस प्लेटची भोकं छापून त्यातून जे-बोल्ट (खालचं टोक वाकवलेले बोल्ट) ओल्या काँक्रीटमध्येच बसवा; सगळ्यात मजबूत आणि स्वस्त. पण एक बोल्ट पाव इंच सरकला तर किटची तयार भोकं जुळत नाहीत. नवख्याने केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवायचे रॉड, घ्यावेत. काँक्रीट २८ दिवसांचं होऊ द्यायचं, सांगाडा उभा करून भोकांच्या खुणा करायच्या, मग ड्रिल. १२ मिलिमीटरच्या रॉडला १४ चं भोक, खोली ११० मिलिमीटर, ठोकळ्याच्या काठापासून निदान चार इंच आत. भोकातली पूड हवा मारून, ब्रश फिरवून, पुन्हा हवा मारून काढा. ही पूड राहिली तर केमिकल काँक्रीटला न चिकटता पुडीला चिकटतं, आणि पैसे पाण्यात. ठोकून फुगणारे अँकर काठाजवळ काँक्रीट फोडतात. लहान ठोकळ्यात ते नकोत.

किटबरोबर येणारे अँकर बहुतेकदा बोटभर लांबीचे असतात. ते बाजूला ठेवा, कुंड्यांच्या स्टँडला उपयोगी पडतील.

उभारणी

चार माणसं, दोन घोडे (चढायच्या घडीच्या शिड्या), सॉकेट पाना, ॲलन की, ओळंबा, आणि वारा नसलेली सकाळ. दुपारी धातू इतका तापतो की हातमोज्यांशिवाय धरवत नाही.

खोकं उघडल्यावर आधी सगळे तुकडे जुन्या चादरीवर मांडा आणि यादीशी ताडून बघा. स्क्रूच्या पुड्या एकत्र ओतू नका. एम-६ चे २० आणि २५ मिलिमीटरचे स्क्रू नजरेला सारखेच दिसतात आणि लांब तो आखूडच्या जागी मारला तर पाइपाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. प्रत्येक पुडी वेगळ्या वाटीत. काही कमी असेल तर याच वेळी विक्रेत्याला फोटो पाठवा, अर्धा सांगाडा उभा झाल्यावर नाही.

दोन खांब आणि त्यांना जोडणारी तुळई ही चौकट जमिनीवरच जोडा. अशा दोन चौकटी. दोघांनी एक चौकट उभी करून धरायची, दोघांनी दुसरी, मग घोड्यावर चढून लांब तुळया जोडायच्या. इथे सगळे बोल्ट हातानेच फिरवा, पाना लावू नका. पहिला कोपरा जीव खाऊन आवळायचा आणि चौथ्या कोपऱ्याची भोकं जुळेनात म्हणून हातोडा शोधायचा, हे दृश्य हमखास दिसतं. सगळे सांधे सैल ठेवून चारही कोपरे लागले की वरच्या कर्णांवर पुन्हा टेप धरा. मग प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी ओळंबा. त्यानंतरच खालच्या खुणा, ड्रिल आणि अँकर. केमिकल भरल्यावर बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत कोणी खांबाला टेकू नये, लहान मुलांना आत न्या.

बेस प्लेटखाली फट राहिली तर स्टेनलेसच्या चकत्या सारा आणि वर नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारं सिमेंटचं मिश्रण) भरा. लाकडाची पाचर नको.

पट्ट्या शेवटी. दोन्ही टोकांच्या आधी बसवा, मग मधली, मग उरलेल्या. तुळई बाहेर झुकली असेल तर मधल्या पट्टीने ती ओढून घेता येते. सगळं झालं की खालून वर एक फेरी आवळणीची. पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर दुसरी फेरी, कारण नवे सांधे थोडे बसतातच. जिथे ओरखडा पडला किंवा जास्तीचं भोक पाडलं तिथे लोखंडावर त्याच दिवशी झिंक प्रायमर आणि टच-अपचा हात.

घराच्या भिंतीला टेकवून बसणारं किट असेल तर भिंतीकडची पट्टी आरसीसी बीममध्येच बसवा, विटांत नाही. बीम कुठे आहे ते खिडकीच्या वरच्या पातळीवरून अंदाजाने कळतं, प्लास्टर ठोकून खात्री करा.

छत घालायचंच असेल तर

पॉलिकार्बोनेटची यूव्ही बाजू वर हवी. कुठली ते फिल्मवर छापलेलं असतं, म्हणून फिल्म बसवल्यावरच काढा. पोकळ शीट असेल तर तिच्या नळ्या उताराच्या दिशेने, वरचं तोंड बंद टेपने, खालचं हवा जाणाऱ्या टेपने. उतार मीटरला निदान नऊ सेंटिमीटर. ही शीट उन्हात वाढते: तीन मीटरची शीट ४० अंशांच्या फरकाला जवळजवळ आठ मिलिमीटर. म्हणून स्क्रूची भोकं मोठी पाडा आणि स्क्रू दाबून नाही, टेकवून आवळा. पत्रा टिकाऊ खरा, पण जुलैत त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही.

शेडनेट किंवा कापड असेल तर ते सरकवून गुंडाळता आलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये दुपारी घामाघूम व्हायला लागलं आणि ढग काळवंडले की गुंडाळायचं. वळीव फोन करून येत नाही.

वीज, वेल आणि दरवर्षीची फेरी

दिव्यांची वायर खांबातून न्यायची असेल तर सांगाडा उभा करण्याआधीच ओढून ठेवा. दिवे आयपी-६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आणि पूर्ण सांगाड्याला अर्थिंग. धातूच्या पर्गोल्याला ओल्या गवतात उभं राहून हात लागणार आहे, इथे काटकसर नको. पंखा लावणार असाल तर तुळई किमान नऊ फुटांवर असलेलं किट घ्या.

मधुमालती, कृष्णकमळ, जाई काहीही चढवा, पण तापलेल्या लोखंडावर कोवळे शेंडे करपतात. खांबापासून चार बोटं दूर काथ्याची दोरी किंवा तार ताणून वेल त्यावर न्या. दाट वेल वर पसरला की वाऱ्यासाठी तेही छतच, मे अखेरीला छाटणी करा.

त्याच सुमाराला वर्षाची फेरी उरका: सगळे बोल्ट पान्याने तपासा, बेस प्लेटभोवती साठलेली माती खरवडून काढा, खांबाच्या तळाचं भोक तारेने मोकळं करा, गंजाचा ठिपका दिसला तर घासून प्रायमर लावा. जास्तीचे स्क्रू, ॲलन की आणि पुस्तिका एका डब्यात घालून डब्यावर ‘पर्गोला’ लिहून ठेवा. त्या मापाचा स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात सुटा मागायला गेलात तर मिळेलच याची खात्री नसते.